फुकटच्या युनिटांत बसणारा उजेड : अणशीच्या घरात कोणता बल्ब लावावा?

विशेष लेख | जोयडा तालुका

मिरग तोंडावर आला की अणशीच्या बाजूला घराघरांत दोन गोष्टींची जुळवाजुळव सुरू होते. एक म्हणजे सुकं लाकूड आणि दुसरी म्हणजे उजेड. जंगलातून येणाऱ्या तारांवर पहिल्याच वाऱ्यात एखादी फांदी पडते आणि करंट जातो तो कधी दोन तासांनी येतो, कधी दोन दिवसांनी. आला तरी कधी इतका मंद की पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा दिसतो, आणि कधी इतका जोरात की टीव्हीचा बोर्डच जातो. मग आठवडा बाजारातून चाळीस रुपयांचा एलईडी बल्ब आणायचा, गणपतीपर्यंत तो बंद पडायचा आणि पुन्हा दुसरा आणायचा. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय.

बल्ब ही तशी क्षुल्लक वस्तू. त्यावर अख्खा लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण गृहज्योती योजना आल्यापासून कर्नाटकातल्या प्रत्येक घराच्या वीजवापराला एक अदृश्य कुंपण पडलं आहे. ते कुंपण नेमकं कुठं आहे आणि आपल्या घरातला बल्ब त्याच्या आत बसतो की बाहेर जातो, हे बऱ्याच जणांना अजून उमगलेलं नाही. बिल कन्नडमध्ये येतं. 'शून्य' दिसलं की आपण घडी घालून ठेवतो आणि आकडा दिसला की लाइनमनशी वाद घालतो. म्हणून हा हिशोब नीट मांडून बघूया.

धरणाशेजारचा अंधार

आधी आपण कुठं बसलोय ते लक्षात घेऊ. काळी नदीवर सुपा, नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी चार वीजघरं आहेत. सुप्याचं १०० मेगावॉट, कोडसळ्ळीचं १२०, कद्र्याचं १५० आणि एकट्या नागझरीचं आठशेच्या वर. नदीची एकूण क्षमता बाराशे मेगावॉटच्या पुढं जाते. त्यात कद्रा जलाशयाच्या काठी कैगा अणुवीज केंद्र आहे. तिथं २२० मेगावॉटचे चार संच आहेत, म्हणजे आणखी ८८०. सुपा धरणासाठी जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. वीज इथूनच निघते, पण मोठ्या तारांवरून घाट ओलांडून लांबच्या शहरांकडे जाते. आपल्याकडे येते ती उपकेंद्रावरून जंगलातल्या लांबलचक लाइनीनं, झाडांच्या फांद्या चुकवत.

अणशीचं जंगल १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २००७ मध्ये दांडेली अभयारण्यासह ते व्याघ्र प्रकल्पात आलं आणि २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प असं नाव आहे. त्यामुळे नवी लाइन ओढायची, खांब बदलायचे, झाडं तोडायची, तर प्रत्येक ठिकाणी वनखात्याची परवानगी लागते. जंगलातल्या आतल्या वाड्यांवर सोलर दिव्यावरच बरीच वर्षं निघाली. काही ठिकाणी ओहोळाच्या पाण्यावर चालणारी छोटी जनित्रं लोकांनी बसवून घेतली. सांगायचा मुद्दा असा की इथला व्होल्टेज हुबळीचा नाही आणि पणजीचाही नाही. शहरातल्या जाहिरातीत चांगला दिसणारा बल्ब इथं टिकेलच असं नाही. इथल्या घरासाठी निवड वेगळ्या कसोटीवर करावी लागते.

गृहज्योती : दोनशे युनिट सगळ्यांना नाहीत

जुलै २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती लागू झाली. '२०० युनिटांपर्यंत वीज फुकट' एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पण योजनेचा नियम तसा नाही. २०२२-२३ या वर्षात तुमच्या मीटरवर दरमहा सरासरी किती युनिट पडले ते बघितलं जातं आणि त्यावर दहा टक्के वाढवून तुमचा कोटा ठरतो. कमी वापर असलेल्या घरांना दहा टक्के म्हणजे जेमतेम तीन-चार युनिट मिळत होते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं दुरुस्ती केली. ज्यांची सरासरी ४८ युनिटांपेक्षा कमी आहे त्यांना दहा टक्क्यांऐवजी सरसकट दहा युनिट जादा मिळतील, असं ठरलं. ज्यांच्याकडे वर्षभराचं रेकॉर्डच नाही अशा नव्या जोडण्यांसाठी राज्याची सरासरी ५३ युनिट धरली जाते आणि कोटा ५८ ठरतो.

आता अणशी, कुंभारवाडा किंवा उळवीकडच्या साध्या घराचा विचार करा. २०२२-२३ मध्ये घरात दोन-तीन बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही. सरासरी समजा ३८ युनिट. म्हणजे कोटा झाला ४८. दोनशे नव्हे, अठ्ठेचाळीस! त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. कधी दोनशेच्याही पलीकडे गेलात तर त्या महिन्याचं सगळं बिल तुमचं.

म्हणजे ज्यांनी आयुष्यभर काटकसरीनं वीज वापरली, त्यांचाच कोटा सगळ्यात लहान. शहरात ज्याच्या घरी दीडशे युनिट जळत होते, त्याला एकशे पासष्ट मिळाले. हा नियम न्याय्य आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि व्हायलाही हवा. पण तो बदलेपर्यंत आपल्या हातात एकच गोष्ट आहे. मिळालेल्या युनिटांत जास्तीत जास्त उजेड कसा बसवायचा, ती.

पहिलं काम म्हणजे आपला कोटा किती ते माहीत करून घेणं. बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे वाचता येतात. शब्द कळत नसतील तर घरातल्या शाळकरी पोराला बसवा. कन्नड शाळेत जाणारी आपली पोरं ते घडाघडा वाचतात. नाहीतर मीटर रीडिंगला येणाऱ्या माणसाला सरळ विचारा, 'आमचे फ्री युनिट किती?'

चार बल्बांचा हिशोब

एक युनिट म्हणजे हजार वॉट एक तास. घरात चार बल्ब आहेत आणि प्रत्येक रोज पाच तास चालतो असं धरू. महिन्याला किती युनिट जातात ते बघा.

- ६० वॉटचे चार पिवळे बल्ब : ३६ युनिट
- १५ वॉटचे चार सीएफएल : ९ युनिट
- ९ वॉटचे चार एलईडी : साधारण साडेपाच युनिट

उजेड तिन्हींचा जवळपास सारखाच. वर सांगितलेल्या ४८ युनिटांच्या घरात पिवळे बल्ब असतील तर ३६ युनिट नुसत्या उजेडाला गेले आणि उरले बारा. साधा ७५ वॉटचा पंखा रोज आठ तास चालवला तर त्यालाच महिन्याला १८ युनिट लागतात. म्हणजे पंख्यानंच कुंपण मोडलं. एलईडी असतील तर बेचाळीसच्या वर युनिट हातात राहतात. त्यात पंखा बसतो, टीव्ही बसतो, मिक्सर बसतो. चांगल्या तारांकनाचा एका दाराचा फ्रिज महिन्याला साधारण पंधराएक युनिट घेतो, तोही कदाचित बसेल.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमचा कोटा ४८ असेल आणि आज तुम्ही तीसच युनिट जाळत असाल, तर बल्ब बदलून खिशात एक रुपयाही येणार नाही. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होत नाहीत. पण घर तेवढंच राहत नसतं. गोव्याला कामाला गेलेला मुलगा परत येतो, सून येते, पोरांच्या अभ्यासाला दुसरी खोली होते, पाण्याला छोटी मोटर बसते. तेव्हा ही वाचवलेली जागा उपयोगी पडते. आणि ज्यांचा मीटर गृहज्योतीत नाही, म्हणजे दुकान, खानावळ किंवा होमस्टेचा व्यावसायिक मीटर, त्यांना तर प्रत्येक युनिट मोजावाच लागतो. युनिटला सहा रुपये धरले तरी वरच्या हिशोबात चार बल्बांमागं महिन्याला सुमारे १८० रुपये वाचतात. शंभर रुपयांचा एक असे चार चांगले बल्ब घेतले, तर त्यांचा खर्च अडीच महिन्यांच्या आत भरून निघतो.

सीमेपलीकडचं गणित वेगळं

चंदगड, सावंतवाडी, दोडामार्गच्या वाचकांसाठी हिशोब थोडा बदलतो. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्यानं महाग होते. पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० युनिटांचा दर यांत दुपटीच्या आसपास फरक आहे. ज्यांचा वापर शंभरीच्या आतबाहेर होतो, अशा घरांत वाचलेले वीस-पंचवीस युनिट नेमके महागड्या टप्प्यातले असतात. त्यामुळं तिथं बल्ब बदलल्याचा फायदा कर्नाटकातल्यापेक्षा बिलावर लवकर दिसतो. गोव्यात दर तुलनेनं हलके, पण टप्पे तिथंही आहेत. कुठल्याही राज्यात असा, वाचवलेला युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातला असतो, हे लक्षात ठेवायचं.

पिवळ्या बल्बापासून इथपर्यंत

आपल्या सीमाभागाला विजेचं नवल नाही. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ सालीच वीज तयार झाल्याचं सांगतात. पण गावच्या घरात पिवळा बल्बच शंभर वर्षं राहिला. त्याच्यात विजेचा फार थोडा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून तर कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला आजही तोच लावतात, आणि त्या कामाला तो योग्यच आहे.

मग सीएफएल आला. विजेची बचत झाली, पण आत पारा. व्होल्टेज कमी असला की तो लुकलुकत राहायचा, पेटायचाच नाही. एलईडीतून पांढरा उजेड मिळायला निळा एलईडी लागतो. तो बनवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, केंद्रानं उजाला योजना देशभर सुरू केली. कर्नाटकात त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती 'होसबेळकू', म्हणजे नवा उजेड, या नावानं आली. वीज कार्यालयाबाहेर टेबल मांडून बिलाची झेरॉक्स घेऊन बल्ब दिले जायचे, ते अनेकांना आठवत असेल. सरकारी कंपनीनं कोट्यवधी बल्बांची एकदम खरेदी केल्यामुळं २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला खरेदीचा भाव दोन-अडीच वर्षांत चाळीसच्या खाली आला.

सरकारी आकडेवारीप्रमाणे या योजनेत ३६ कोटींवर बल्ब वाटले गेले आणि त्यामुळं देशाची संध्याकाळची कमाल मागणी सुमारे साडेनऊ हजार मेगावॉटनं कमी झाली. हे अंदाज आहेत, प्रत्येक घरात जाऊन मोजलेलं नाही. तरी तुलनेसाठी बघा. आजच्या कैगासारखी दहा केंद्रं बांधायची वाचली, असा त्याचा अर्थ होतो. धरणासाठी गाव सोडावं लागलेल्या तालुक्याला या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

स्वस्त बल्बाची खरी किंमत

भाव उतरले तशी बाजारात भेसळही शिरली. २०१७ मध्ये मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबादच्या दुकानांत एक पाहणी झाली होती. त्यात पाहिलेल्या एलईडी बल्बांच्या ब्रँडपैकी ७६ टक्के सुरक्षेच्या किंवा माहितीच्या निकषांत बसत नव्हते. ही मोठ्या शहरांची गोष्ट. आपल्या आठवडा बाजारात चादरीवर मांडलेल्या ढिगाची काय कथा असेल, ते तुम्हीच ठरवा.

मीही त्यातूनच गेलोय. एका बाजारात शंभरला तीन मिळाले म्हणून खुशीत आणले. डब्यावर '१२ वॉट' लिहिलेलं, उजेड पाच वॉटचा. पहिला नागपंचमीला गेला, दुसरा एका गडगडाटात. तिसऱ्याचा पांढरा घुमटच होल्डरमधून काढताना हातात आला आणि आतली पट्टी उघडी पडली. त्या पट्टीत करंट असतो, हे लक्षात ठेवा. अशा बल्बाला घरातल्या पोरानं हात लावला असता तर?

एलईडीचा दाणा सहसा जळत नाही. जातो तो त्याच्या मागं असलेला छोटा सर्किट बोर्ड, ज्याला ड्रायव्हर म्हणतात. मेनचा उसळता करंट दाण्याला झेपेल इतका करून देणं हे त्याचं काम. स्वस्त बल्बात पैसे वाचवतात ते इथंच. शहरात ते एखादवेळेस खपून जातं. आपल्याकडं पहिल्याच विजेच्या कडकडाटात उघडं पडतं.

डब्यावर काय बघायचं

दुकानदाराला 'नऊ वॉटचा दे' म्हणायची सवय आपण सोडायला हवी. वॉट म्हणजे बल्ब किती खातो. किती उजेड देतो ते ल्यूमेनमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या ६० वॉटच्या बल्बाचा उजेड साधारण ७०० ल्यूमेन. चांगला ९ वॉटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. ल्यूमेनला वॉटनं भागा. शंभर किंवा जास्त आलं तर बल्ब चांगला, सत्तर-ऐंशी आलं तर बेताचा. डब्यावर ल्यूमेन लिहिलेलेच नसतील तर तो बल्ब परत द्या.

दुसरी खूण ताऱ्यांची. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, तारांकन एलईडी बल्बांना १ जानेवारी २०१८ पासून सक्तीचं आहे. फ्रिजवर असतात तसेच तारे. जितके जास्त, तितका एका वॉटमागं उजेड जास्त. तिसरी खूण भारतीय मानक ब्युरोची. तिच्यासोबत आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि खाली इंग्रजी 'आर' अक्षर व पुढं नोंदणीचे आकडे असतात. हे बल्बावर किंवा डब्यावर छापलेलं हवं.

अणशीसारख्या गावासाठी चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. ती म्हणजे किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत बल्ब चालतो. काहींवर २२०–२४० एवढंच असतं, काहींवर १०० ते ३०० असा रुंद पट्टा असतो. आपल्याला रुंद पट्ट्याचाच हवा. त्याजवळच सर्ज प्रोटेक्शन लिहिलेलं असतं, अडीच किलोव्होल्ट किंवा चार किलोव्होल्ट. आकडा मोठा तितका विजेच्या उसळीत तग धरण्याची शक्यता जास्त. तरीही जवळ वीज कडाडायला लागली की बटन बंद करणं हाच खरा उपाय. अंगावर पडलेली वीज कुठलाच बल्ब सोसत नाही.

पाचवी गोष्ट वॉरंटीची. पक्की पावती घ्या आणि बल्बाच्या पितळी टोपीवर मार्करनं तारीख लिहून ठेवा. पण खरं सांगायचं तर कारवारला जाऊन-येऊन बसला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात नवा बल्ब येतो. म्हणून वॉरंटीचा बल्ब तुम्ही नेहमी जाता त्याच दुकानातून घ्या. बाजाराच्या दिवशी दुसऱ्या कामासोबत तो बदलून घेता येईल.

घरी आणल्यावर एक सोपी परीक्षा करता येते. पेटलेल्या बल्बासमोर मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर बल्ब फडफडतोय. डोळ्यांना जाणवत नाही, पण अशा उजेडात तासन् तास वाचलं की कित्येकांचं डोकं दुखतं. पोरांच्या अभ्यासाला असा बल्ब लावू नये.

बल्ब कुठं टांगायचा

आपली कौलारू घरं उंच. बल्ब वरच्या वाशाला, आणि पोर खाली जमिनीवर बसून लिहितंय. उजेडाचा नियम सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की वहीवर पडणारा उजेड चौपट कमी होतो. बारा फुटांवरचा बल्ब सहा फुटांवर आणला तर तोच बल्ब वहीवर चौपट उजेड देईल. म्हणजे १५ वॉटचा मोठा बल्ब विकत घेण्याआधी दोन हात वायर लांबवून बघा. स्वयंपाकघरात चूल असेल तर बल्बावर काजळी बसते. पंधरा दिवसांनी बटन बंद करून, बल्ब थंड झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा. आणि एलईडीला उष्णता सोसत नाही. चुलीच्या बरोबर वर किंवा बंद काचेच्या गोळ्यात तो लावू नका.

रंगाचंही आहे. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर. आपल्याकडं पांढरा म्हणजे जास्त उजेड असा समज आहे. तो चुकीचा आहे. ल्यूमेन सारखे असतील तर उजेड सारखाच. तांदळातले खडे निवडायला, अभ्यासाला पांढरा चालेल. पण ओसरीवर आणि अंगणात पिवळसरच लावा. निळसर उजेडाकडं किडे जास्त ओढले जातात. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं कशी झुंडीनं येतात ते आपल्याला सांगायला नको. त्यांच्या मागं पाली आणि बेडूक, आणि बेडकांच्या मागं कोण येतं तेही.

ही गोष्ट फक्त आपल्या ओसरीची नाही. आपण व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात राहतो. मे महिन्याच्या शेवटी झाडं भरून काजवे पेटतात. ते एकमेकांना शोधतात ते त्याच लुकलुकीवर. भगभगीत फ्लडलाइटच्या उजेडात त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. रिसॉर्ट आणि होमस्टेवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. पाहुणा काळोख आणि काजवे बघायलाच येतो. बाहेरचा दिवा पिवळसर, कमी वॉटचा, वर झाकण असलेला आणि खाली तोंड केलेला असावा. पायवाट दिसली की पुरे.

'झिरो' बल्ब शून्य खात नाही

देवघरात किंवा बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर जळणारा लाल-निळा झिरो बल्ब अजूनही अनेक घरांत आहे. नाव झिरो, पण खातो बारा-पंधरा वॉट. पूर्वीच्या चकतीच्या मीटरवर इतका बारीक भार नोंदला जात नसे, म्हणून हे नाव पडलं म्हणतात. आजचा इलेक्ट्रॉनिक मीटर सगळं मोजतो. रोज दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. म्हणजे जवळपास चार एलईडी बल्बांचा संध्याकाळचा खर्च हा एकटा करतो. अर्ध्या वॉटचा एलईडी नाइटलॅम्प त्याच कामाला महिन्याभरात पाव युनिटही घेत नाही. घरातला सगळ्यात आधी बदलायचा बल्ब हा.

तसंच जुन्या ट्यूबचं. चाळीस वॉटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर खाते. २० वॉटची एलईडी ट्यूब तेवढाच उजेड देते. आणि बल्ब बदलून झाले की पंख्याकडं वळा. तीसेक वॉटचा बीएलडीसी पंखा १८ युनिटांच्या जागी सातच्या आसपास घेतो. महाग आहे, पण जुना पंखा जळालाच असेल तर त्याला पुन्हा वाइंडिंग करण्याआधी विचार करा.

करंट गेल्यावर

सध्या आत बॅटरी असलेल्या 'इन्व्हर्टर बल्बां'ची चलती आहे. करंट गेला की आपोआप पेटतात, तीन-चार तास चालतात. सोय चांगली आहे, पण सगळ्या होल्डरांत हेच लावणं शहाणपणाचं नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि मग तो महागडा साधा बल्ब होऊन बसतो. स्वयंपाकघरात एक आणि वडीलधारी माणसं झोपतात त्या खोलीत एक, एवढे पुरे. शिवाय करंट दोन-दोन दिवस येत नसेल तर त्याला चार्ज कोण करणार? अणशीसारख्या ठिकाणी एखादा सोलर कंदील घरात असायलाच हवा. पावसाळ्यात ढगाळ दिवशीही तो थोडाफार चार्ज होतो.

जुना बल्ब व्हाळात टाकू नका

एलईडी आणला की जुने सीएफएल आणि ट्यूब घराच्या मागं, नाहीतर सरळ व्हाळात जातात. त्यात पारा आहे आणि त्या व्हाळाचं पाणी काळी नदीलाच मिळतं. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२२ मध्ये घरगुती सीएफएल २०२५ पर्यंत बंद करायचं ठरवलं, ते याच कारणानं. घरात सीएफएल फुटला तर पोरांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं थांबा. केरसुणी न लावता तुकडे पुठ्ठ्यानं गोळा करा आणि झाकणाच्या बरणीत भरून ठेवा. अख्खे जुने दिवे खोक्यात जमवा. ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, असे दिवे गोळा करून पुढं पाठवायची सोय केली तर त्यासाठी फार निधी लागणार नाही. ग्रामसभेत हा विषय मांडायला काय हरकत आहे?

शेवटी

बल्ब बदलून जंगलातली लाइन सुधारणार नाही. ते काम हेस्कॉमचं आणि वनखात्याचं. त्यासाठी निवेदनं द्यावीच लागतील. जुन्या काटकसरीच्या बेतावर लहान कोटा ठरवायचा की गावाकडच्या घरांना किमान एक ठरावीक कोटा द्यायचा, हेही सरकारला विचारायला हवं. काळीच्या खोऱ्यानं राज्याला दिलेल्या विजेच्या मानानं ही मागणी फार मोठी नाही.

पण ते होईतो निदान आपल्या होल्डरात काय आहे ते आपण ठरवू शकतो. या बाजाराला जाताना एवढं करा. आधी घरातला झिरो आणि उरलेले पिवळे बल्ब मोजा. बिलावरचा आपला कोटा बघा. दुकानात वॉट न विचारता ल्यूमेन, तारे, आर क्रमांक आणि व्होल्टेजचा पट्टा वाचा. एकदम चार जमत नसतील तर एकच चांगला घ्या, आणि तो पोरं अभ्यासाला बसतात तिथं, जरा खाली टांगा.

कोटा बघितल्यावर तो किती निघाला ते आम्हालाही कळवा. जोयड्याच्या घरांना नक्की किती 'फुकट' मिळतंय, त्याचं खरं चित्र त्यातूनच उभं राहील.